ओरखडा पडतो आणि सगळे हात झटकतात

कीबोर्डवाल्या कव्हरमुळे टॅबच्या स्क्रीनवर ओरखडे पडतात का? पडतात. वाशीम जिल्ह्यात तर हमखास पडतात. उत्तर इतकं सरळ असूनही ते मुलांना कोणी देत नाही. दुकानदार सांगतो, "काई होत नाई सर, काच हाये ते." खोक्यावर संरक्षणाची मोठमोठी भाषा असते. आणि वर्षभरात काचेवर रेघांचं जाळं उमटलं की सगळे मिळून मुलाकडे बोट दाखवतात : तूच नीट वापरला नाहीस. मी या जिल्ह्यात अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. ते बोट मी पुष्कळदा पाहिलं आहे. ते चुकीच्या माणसाकडे वळलेलं आहे, आणि ते ज्यांच्याकडे वळायला हवं त्यांची नावनिशाणी मला आज मांडायची आहे.

आधी हा टॅब कोणाच्या हातात आहे ते बघा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची आकांक्षित म्हणून यादी केली, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आले : नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि वाशीम. इथलं बहुतेक घर सोयाबीन आणि तुरीच्या भावावर चालतं. अशा घरात लॅपटॉप हा फार लांबचा विचार असतो. टॅब मात्र येतो. कधी बाप सोयाबीन विकून आणतो, कधी तो सरकारी योजनेतून येतो. नागपूरची महाज्योती, म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि इंटरनेट डेटा देते. मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरच्या मुलीला कोटा किंवा लातूर गाठल्याशिवाय शिकवणी मिळावी, यासाठी यापेक्षा चांगली गोष्ट मला माहीत नाही. योजनेला माझा विरोध नाही. माझी चीड आहे ती टॅब हातात पडल्यानंतर जे घडतं त्यावर.

टॅब आला की मुलं हजार-दोन हजार रुपये जमवतात आणि कीबोर्डवालं कव्हर घेतात. ही हौस नाही. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो, आणि काचेवर बोटं आपटून तो वेग येत नाही. अर्ज भरायचे, नोट्स टाइप करायच्या, रेझ्युमे करायचा. कव्हर लावलं की टॅब उभा राहतो, कळा मिळतात, आणि गरीब घरातल्या मुलाला लॅपटॉप मिळाल्यासारखा होतो. त्या कव्हरकडून त्याची दुसरी अपेक्षा एवढीच असते की काच सुरक्षित राहावी. नेमकी तीच अपेक्षा कव्हर मोडतं.

कसं मोडतं ते समजून घ्या, कारण या विषयात दोन्ही बाजूंनी चुकीचं बोललं जातं. काही जण म्हणतात, प्लॅस्टिकच्या कळा काचेला घासतात आणि रेघा पडतात. हे खोटं आहे. जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोस याने १८१२ मध्ये कठीणपणाची दहा पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. तिचा नियम असा की वरच्या पायरीवरचा पदार्थ खालच्या पायरीवरच्या पदार्थाला ओरखडतो, उलट होत नाही. तळाशी शंखजिरं १ वर आणि माथ्यावर हिरा १० वर. आपलं नख अडीचच्या आसपास, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. टॅबची चांगली काच त्याहून थोडी वर, सहाच्या घरात. कळांचं प्लॅस्टिक या काचेच्या जवळपासही पोचत नाही. स्वच्छ कळ स्वच्छ काचेवर जन्मभर घासली तरी काचेला ती कापू शकणार नाही.

म्हणून दुसरी बाजू लगेच म्हणते, मग झालं तर, काही होत नाही. हे त्याहून मोठं खोटं आहे, आणि त्याच्या जोरावर धंदा चालतो. काच आणि कळ यांच्यामध्ये कधीच फक्त हवा नसते. मध्ये धूळ असते. आणि धुळीत काय असतं हे वाशीमच्या माणसाला वेगळं सांगायला नको. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर आपटून ठिणग्या पाहिल्या नाहीत असा माणूस इथे विरळा. ती गारगोटी मोसच्या मोजपट्टीवर ७ वर बसते. काच सहाच्या घरात, गारगोटी सातवर. निकाल तिथेच लागला. गारगोटीचा डोळ्याला न दिसणारा कण कळेच्या डोक्यावर बसला, कव्हर मिटलं, वरून दाब आला, आणि कण काचेवर सरकला की रेघ उमटते. प्लॅस्टिकने फक्त कण धरून ठेवलेला असतो. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये दाणा सापडावा तसा तो कण सापडतो, फरक एवढाच की इथे दाणा शाबूत राहतो आणि तळी भरडली जाते.

आता या जिल्ह्याची धूळ बघा. आपली काळी कसदार माती स्वतः मऊ आहे. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी ही चिकणमाती काचेवर डाग पाडेल, रेघ पाडणार नाही. पण ही माती दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन बनलेली आहे, आणि तिच्यात त्या दगडाचे न झिजलेले कण राहतात. बेसाल्टमधलं फेल्डस्पार सहाच्या घरातलं, म्हणजे काचेच्या बरोबरीचं. त्याच दगडाच्या पोकळ्यांमध्ये अकीक आणि गारगोटी तयार होते, जी आपल्या नाल्यांत आणि वावरांत जागोजागी सापडते. रस्त्यावर मुरूम पसरला जातो, गिट्टीच्या क्रशरचा चुरा उडतो. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून गेला तेव्हा बांधकामाची किती धूळ घराघरांत बसली, हे त्या पट्ट्यातल्या लोकांना विचारा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची मळणी सुरू झाली की गावावर धुराळ्याचा पडदा असतो. पुढे ज्वारी-गव्हाचं भूस उडतं, आणि या धान्यांच्या ताटांत आणि पात्यांत सिलिका असते. मार्चपासून वावटळी सुरू होतात. ज्या घरात चुलीजवळच्या खोलीत अभ्यास होतो आणि खिडकीला काच नाही, तिथे धूळ टाळ म्हणून मुलाला सांगणं हा निव्वळ निर्दयपणा आहे.

यात एक गोष्ट अशी आहे जी कव्हर बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसावी, आणि इथल्या शाळकरी पोरांना ती ठाऊक आहे. नाल्याच्या वाळूत लोहचुंबक फिरवला की त्याला काळे कण चिकटतात. ते मॅग्नेटाइट आहे, बेसाल्टमधलं लोहाचं खनिज, आणि त्याचा कठीणपणा साडेपाच ते साडेसहा आहे. आता बऱ्याचशा कीबोर्डवाल्या कव्हरमध्ये टॅब पकडायला आणि झाकण मिटायला चुंबक बसवलेले असतात. आपल्या धुळीतले हे काळे कण त्या चुंबकाकडे खेचले जातात आणि काचेच्या कडेलाच ठाण मांडतात. कडेला, जिथे चुंबक आहे नेमकं तिथेच बारीक ओरखड्यांचा पट्टा दिसला, तर त्याचं कारण आधी इथे शोधा. ज्या जिल्ह्याची धूळच चुंबकाला चिकटते, त्या जिल्ह्यात चुंबकाचं कव्हर विकताना एका शब्दाची सूचना नाही. याला मी बेफिकिरी म्हणतो.

दाब कुठून येतो तेही सांगतो. मुलाची बॅग बघा. एनसीईआरटीची पुस्तकं, शिकवणीचे जाडजूड संच, डबा, पाण्याची बाटली, आणि या सगळ्याच्या मध्ये टॅब. रिसोडहून वाशीमला एसटीने येताना ती बॅग मांडीवर किंवा दोन माणसांच्या मध्ये दाबलेली असते. एसटी खड्ड्यातून गेली की कव्हरच्या आत काच आणि कळा एकमेकींवर बारीक बारीक सरकतात. रोज जाऊन-येऊन. घरी टेबलावर ठेवलेल्या टॅबला वर्षभरात जे होणार नाही, ते इथे पावसाळा संपायच्या आत होतं. शहरातल्या वातानुकूलित खोलीत ज्याचं कव्हर चालतं, त्याने ते चाललं म्हणून सांगावं, पण त्याचा अनुभव वाशीमच्या मुलाच्या गळ्यात बांधू नये.

सगळ्याच खुणा ओरखडे नसतात, हेही सांगायला हवं, कारण तक्रार पक्की करायची तर आपलं म्हणणं अचूक पाहिजे. बोटांचं तेल कळांवर बसतं आणि कव्हर मिटलं की काचेवर कळांचे चौकोन उमटतात. ते ओलसर मऊ कापडाने निघतात. ते ओरखडे नव्हेत. स्क्रीनगार्ड प्लॅस्टिकचा असेल तर रेघ त्याच्यावर असते, काचेवर नसते, आणि गार्ड बदलला की ती जाते. दाबामुळे स्क्रीनच्या आत पांढुरका ठिपका दिसू शकतो. तो आतल्या थराचा दोष असतो, काचेवर नख फिरवलं तर काहीच लागत नाही. जी रेघ पुसून जात नाही, गार्ड काढल्यावरही राहते, आणि उजेडात टॅब तिरका धरला की चमकते, तो खरा ओरखडा. तो काचेतून गेलेला पदार्थ आहे, आणि गेलेली काच परत येत नाही. टूथपेस्ट, राख, बेकिंग सोडा लावून ओरखडा जातो म्हणणारे मुलांची काच आणखी खराब करतात. या पदार्थांनी घासलं की काचेवरचा बोटांचे डाग न धरणारा पातळ थरही निघून जातो.

"रेघ पडली तर पडली, टॅब तर चालतो ना," असं ऐकवणारे बरेच आहेत. त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. एक, हा टॅब मुलीला रसायनशास्त्राच्या रेणूंच्या आकृत्या आणि जीवशास्त्राचे बारीक नकाशे वाचायला दिलेला आहे. दुपारी ओसरीत बसून वाचताना प्रत्येक रेघ उजेड फोडते आणि डोळ्यावर ताण येतो. दोन, ओरखडा काचेची ताकद खातो. ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ याने १९२१ मध्येच दाखवून दिलं की काच तिच्या मूळ ताकदीपेक्षा फार कमी ताणाला फुटते, कारण तिच्या पृष्ठभागावरच्या बारीक चिरांच्या टोकाशी ताण एकवटतो. टॅबची मजबूत काच याच दुखण्यावर उपाय म्हणून बनवलेली असते. वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात ती बुडवतात, काचेतले लहान सोडियम आयन बाहेर येतात आणि त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन घुसतात. त्यामुळे वरचा थर घट्ट दाबलेला राहतो आणि चिरा उघडू देत नाही. पण हा थर केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. खोल ओरखडा त्या थराला कमजोर करतो. मग एरवी हातातून सतरंजीवर पडून वाचला असता असा टॅब एक दिवस सहज तडकतो, आणि घरात पुन्हा ओरड होते की पोरानं पाडला.

आता जबाबदार लोकांकडे वळू. पहिले कव्हर बनवणारे. मिटल्यावर कळा काचेला टेकू नयेत, हे साधायला कोणतंही मोठं तंत्र लागत नाही. लॅपटॉपच्या स्क्रीनभोवती रबराची कड किंवा बारीक रबरी उंचवटे कित्येक वर्षांपासून असतात, ते याच कामासाठी. कळा थोड्या खोलात बसवल्या आणि कडेला उंच किनार दिली की काच अधांतरी राहते. स्वस्त कव्हरमध्ये ही किनार वाचवली जाते, कारण कव्हर बारीक दिसलं की विकलं जातं. झाकण आणि कळा यांच्यात किती कमी फट असते आणि त्याचा काय परिणाम होतो, हे या उद्योगाला चांगलं ठाऊक आहे. अ‍ॅपलने २०२० मध्ये आपल्या मॅकबुकच्या ग्राहकांना जाहीर सांगितलं की कॅमेऱ्यावर झाकणी लावून लॅपटॉप मिटू नका, डिस्प्लेला इजा होऊ शकते, कारण मिटल्यावर स्क्रीन आणि कीबोर्डमधली जागा फार कमी असते. त्याआधी २०१५ मध्ये त्याच कंपनीला मॅकबुकच्या स्क्रीनवरचा चकाकी कमी करणारा थर निघून येण्याच्या तक्रारींवरून दुरुस्तीची योजना आणावी लागली होती. लाखाच्या घरातल्या वस्तूची मोठी कंपनी ही गोष्ट लिहून सांगते. मग हजार रुपयांच्या कव्हरवाल्यांना दोन ओळी छापायला काय अडचण आहे? अडचण एकच : ती ओळ छापली तर माल कमी खपेल.

दुसरे टॅब बनवणारे. जाहिरातीत काचेच्या मजबुतीचे गोडवे आणि वॉरंटीच्या कागदावर ओरखड्यांना सरसकट वगळणं, हा दुटप्पीपणा वर्षानुवर्षं चालू आहे. ओरखडा, पोचा, रंग जाणं हे सगळं 'दिसण्यापुरतं नुकसान' ठरवून बाहेर काढायचं, हा या धंद्याचा रिवाज झाला आहे. ग्रिफिथने शंभर वर्षांपूर्वी सांगितलं ते यांना माहीत नाही, यावर माझा विश्वास नाही. काचेच्या शास्त्रावरच त्यांचा माल उभा आहे.

तिसरे दुकानदार, आणि यांच्यावर माझा राग जास्त आहे, कारण ते आपलेच आहेत. रोज सकाळी दुकान उघडून काउंटरवरची धूळ फडक्याने पुसणारा माणूस गिऱ्हाइकाला धुळीबद्दल एक शब्द सांगत नाही. उलट "काई होत नाई" म्हणून माल गळ्यात मारतो. त्याला मी कायदा सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम ८४ नुसार, वस्तू योग्य रीतीने कशी वापरावी याच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा दिलेला नसेल आणि त्यातून हानी झाली, तर उत्पादक जबाबदार ठरतो. या कायद्यात 'हानी'च्या व्याख्येत त्या वस्तूचं स्वतःचं नुकसान धरत नाहीत, पण दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान धरतात. कव्हर ही एक वस्तू आणि टॅब ही दुसरी. कव्हरने टॅबची काच घालवली, तर ते दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान आहे. कलम ८६ तर दुकानदारालाच धरतं : त्याने उत्पादकापेक्षा वेगळी स्वतःची हमी दिली आणि ती खोटी ठरली तर तो जबाबदार, आणि वस्तू कोणी बनवली तेच ठाऊक नसेल तरीही तोच जबाबदार. बाजारात बिनानावाची, बिनापत्त्याची कव्हरं ढिगाने आहेत. ती विकणाऱ्या प्रत्येकाने हे कलम वाचून ठेवावं.

आणि ग्राहकांनीही वाचावं. दुकानदार "काई होत नाई" म्हणाला की त्याला सांगा, हेच बिलावर लिहून द्या. लिहून दिलं तर तुमच्या हातात पुरावा आहे. नाही लिहिलं तर त्याच्या बोलण्याची किंमत तिथेच कळली, दुसऱ्या दुकानात जा. पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोग वाशीममध्येच आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही. हजार रुपयांच्या कव्हरसाठी आयोगात कोण जातो, असं लोक म्हणतात. याच भरवशावर हा धंदा चालतो. एकाने जायला हवं, पुराव्यासकट, आणि त्याला बाकीच्यांनी साथ द्यायला हवी.

चौथं सरकार. या राज्याला वाटलेल्या उपकरणांचा एक कडू अनुभव आहे आणि त्यातून शिकायला कोणी तयार नाही. अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या नोंदीसाठी मोबाइल दिले गेले. ते धड चालेनात, त्यांची वॉरंटी संपली, आणि दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविकांच्याच माथी येऊ लागला. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. त्या बायकांनी मोर्चे काढून जे सांगितलं ते असं : उपकरण देणं म्हणजे जबाबदारी संपणं नव्हे. धुळीत, उन्हात, खेड्यात वापरायचं उपकरण त्या धुळीला आणि उन्हाला टिकलं पाहिजे, आणि टिकलं नाही तर खर्च वापरणाऱ्याचा नसतो. विद्यार्थ्याचा टॅब याहून वेगळा नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीकडे तर संघटनाही नाही. तिची काच गेली की ती गप्प बसते, कारण दिलेली वस्तू खराब केली असं कोणी म्हणेल याची तिला भीती असते.

मुलांना आणि पालकांना मी सांगतो ते इथेही लिहितो, कारण आयोगाचा निकाल लागेपर्यंत काच वाचली पाहिजे. कव्हर घेताना दुकानातच कागदाची पातळ पट्टी कळांवर ठेवा, टॅब लावून कव्हर मिटा, वरून बॅगेत येईल इतका हलका दाब द्या आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर फट आहे. अडकली तर कळा काचेला टेकतात, ते कव्हर घेऊ नका. चारही बाजूंनी ही परीक्षा घ्या, मधोमधही घ्या, कारण स्वस्त कव्हर मध्येच वाकतं. टफन ग्लास जरूर लावा, ओरखडा तिच्यावर पडेल आणि ती बदलता येते. मात्र तिच्या जाडीने फट कमी होते, म्हणून ती लावल्यावर पट्टीची परीक्षा पुन्हा घ्या. बॅगेत ठेवताना कळा आणि काच यांच्यामध्ये स्वच्छ पातळ मायक्रोफायबरचं कापड ठेवा आणि ते दर आठवड्याला धुवा. मळकट कापड धुळीचंच काम करतं. कीबोर्ड उलटा धरून मऊ ब्रशने झटका, चुंबकाच्या जागा ओल्या कापडाने टिपून घ्या. आणि धुळीची काच कधीही कोरड्या ओढणीने, रुमालाने, शर्टाच्या बाहीने पुसू नका. कण तसाच काचेवरून ओढला जातो आणि त्या एका फटकाऱ्यात कव्हर महिनाभरात करणार नाही इतकं नुकसान होतं. आधी ब्रशने कण उडवा, मग किंचित ओलसर कापडाने पुसा.

एवढं सगळं मुलांनी करायचं आणि बाकीच्यांनी काहीच करायचं नाही, हे मला मान्य नाही. म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. कव्हर बनवणाऱ्यांनी खोक्यावर मराठीत छापावं की मिटल्यावर कळा आणि काच यांच्यात किती मिलिमीटर फट राहते, आणि धुळीच्या भागात वापरताना काय काळजी घ्यावी. टॅब बनवणाऱ्यांनी वॉरंटीच्या कागदावर ओरखडा वगळायचा असेल, तर जाहिरातीत काचेच्या मजबुतीचा एक शब्दही उच्चारू नये. टॅब वाटणाऱ्या प्रत्येक सरकारी खात्याने आणि संस्थेने खरेदीच्या करारात तीन अटी घालाव्यात : टॅबसोबत फट राखणारं कव्हर, काचेचं बदली गार्ड, आणि जिल्ह्यातच, म्हणजे वाशीमला, काच बदलून मिळण्याची सोय, विद्यार्थ्याच्या खिशाला तोशीस न लावता. वाटपाच्या दिवशी मान्यवरांची भाषणं चालतात तेव्हा त्यातली दहा मिनिटं काढून कोणीतरी मुलांना काच कशी पुसायची ते दाखवावं. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने हे ठरवलं तर एका बैठकीत होईल.

यातली एकही मागणी महागडी नाही. रबराची कड काही पैशांची असते. छापील ओळीला काहीच पडत नाही. आजपर्यंत हे झालं नाही, कारण ओरखड्याचा खर्च नेहमी त्याच्याच खिशातून गेला आहे ज्याचा आवाज सर्वांत लहान आहे. वाशीमच्या मुलांनो, पुढच्या वेळी काचेवर रेघ दिसली आणि कोणी तुमच्याकडे बोट दाखवलं, तर मान खाली घालू नका. बिल काढा, कव्हर समोर ठेवा, कागदाची पट्टी त्यात अडकवून दाखवा आणि विचारा : हे कोणी बनवलं, कोणी विकलं, आणि माझ्या काचेचे पैसे यांपैकी कोण देणार?